स्वस्तांतलें देशाटन

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें आपल्याकडे इतक्या वेळां सांगितलें गेलें आहे कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें तपासून पाहण्याची आपणांस आठवणच होत नाहीं. देशाटन करून परतलेल्या पुष्कळ गृहस्थांशीं बोलण्याचा प्रसंग येतो. त्यांतील कित्येक जातांना जितके शहाणे होते तितकेच परततांनाहि असतात. मात्र त्यांच्यापाशीं छायाचित्रें अधिक असतात. तेव्हां प्रवासांत शहाणपण देणारी गोष्ट नेमकी कोणती, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो पुन्हा एकदां विचारण्याचें निमित्त मला नुकतेंच मिळालें.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील एका विद्यापीठांत दोन वर्षें शिकत होता. उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें तो देश अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पाहिला आणि त्या प्रवासाचें वर्णन लिहून हस्तलिखित माझ्याकडे अभिप्रायासाठीं पाठविलें. सोबतच्या पत्रांत प्रस्तावनेची विनंति होती. हस्तलिखित मीं दोनदां वाचलें. प्रस्तावना मात्र लिहिली नाहीं. ती कां लिहिली नाहीं हें त्याला कळविलेंच आहे. परंतु तें कारण त्या एका हस्तलिखितापुरतें नसल्यामुळें येथें जरा विस्तारानें मांडीत आहें.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षांत अमेरिकेंत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली होती. त्यांत आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतून, कर्ज काढून गेलेलीं मुलें पुष्कळ. परवान्याच्या अटींमुळें सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास २० तासांहून अधिक काम त्यांना करतां येत नाहीं; त्या कामाचा पैसा बहुधा खोलीच्या भाड्यांत आणि किराण्यांत संपतो. अशा स्थितींत एवढा अवाढव्य देश पाहावयाचा तर तो स्वस्तांतच पाहिला पाहिजे. म्हणून 'थोडक्या पैशांत अमेरिका कशी पाहिली' हें सांगणारें लिखाण मराठींत वरचेवर येऊं लागलें आहे. दिवाळी अंक उघडावा तर त्यांत एक तरी असा लेख सांपडतो. म्हणजे हा आतां एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झाला असून त्याची बरीवाईट परीक्षा होणें अवश्य आहे.

हस्तलिखिताचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. लेखकाची भाषा स्वच्छ आहे. जागोजाग 'अवर्णनीय' म्हणून वाचकास वाऱ्यावर सोडण्याची खोड तिला नाहीं. माहितीहि नेमकी आहे. वॉशिंग्टनमधील स्मिथ्सोनियन संस्थेचीं संग्रहालयें विनामूल्य पाहतां येतात. न्यूयॉर्कमध्यें स्टेटन बेटाकडे जाणारी बोट १९९७ सालापासून उतारूंकडून भाडें घेत नाहीं आणि तिच्या कठड्याशीं उभें राहिलें कीं स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा समोरून सरकत जातो. ३० दिवसांत १० टप्पे प्रवास करूं देणारा रेल्वेचा एक पास आहे. हें सारें लेखक गाजावाजा न करतां सांगतो. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकांठच्या एमरीव्हिलपर्यंत जाणारी 'कॅलिफोर्निया झेफर' ही गाडी २,४३८ मैलांचें अंतर दोन दिवसांहून अधिक वेळ घेऊन कापते. लेखकानें तें सर्व अंतर बसण्याच्या जागेवर काढलें. पहिल्या रात्रीं नेब्रास्का झोपेंत ओलांडून सकाळीं डेन्व्हर. मग दिवसभर कोलोरॅडो नदीच्या कांठाकांठानें रॉकी पर्वताच्या घळींतून प्रवास. दुसऱ्या रात्रीं यूटाचें वाळवंट. आणि तिसऱ्या दिवशीं दुपारीं सिएरा नेव्हाडाचा चढ. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हें प्रकरण वाचतांना आपणहि त्या खिडकीशीं बसलों आहों असें वाटतें. मराठी प्रवासवर्णनांत ही गोष्ट पूर्वीपेक्षां आज दुर्मिळ झाली आहे.

आणखी एक गुण म्हणजे हिशेब. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं लेखकानें त्या दिवसांचा खर्च मांडला आहे: प्रवास इतका, अन्न इतकें, निवास इतका. आपले बहुतेक प्रवासी लेखक पैशाविषयीं बोलणें हलकेपणाचें समजतात. पुस्तक वाचून संपलें तरी गृहस्थाला हा प्रवास कोणीं घडविला याचा पत्ता लागत नाहीं. त्या मानानें हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आणि नेमकें त्या हिशेबापाशींच माझें अडलें.

चार प्रकरणांच्या शेवटीं 'निवास' या सदरापुढें शून्य आहे. न्यू जर्सींत तीन रात्री शून्य, शिकागोंत दोन रात्री शून्य, कॅलिफोर्नियांत आठवडाभर शून्य. मजकुरांत शोधूं लागलों तर 'ओळखीच्यांकडे उतरलों' एवढे दोन शब्द. त्या शून्याच्या मागें कोणाचें तरी घर आहे, कोणाचें तरी स्वयंपाकघर आहे. सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं कोणी तरी डबा भरून दिला असेल, कोणी तरी रात्रीं अकरा वाजतां स्थानकावर गाडी घेऊन आलें असेल. तीं माणसें कोण, तीं त्या देशांत केव्हां आलीं, कशीं राहतात, मुलांशीं कोणत्या भाषेंत बोलतात, यांविषयीं एक अक्षर नाहीं. सिएरा नेव्हाडाच्या बर्फाला अडीच पानें मिळालीं. ज्या घरांत आठवडाभर जेवण मिळालें त्याला शून्य.

कोणतीहि वस्तु स्वस्त मिळाली म्हणजे तिची किंमत कमी होती असें होत नाहीं. पुष्कळदां ती किंमत दुसऱ्या नाण्यांत चुकविलेली असते. प्रवासाच्या बाबतींत अशीं नाणीं तीन. पहिलें वेळ: विमानानें पांच तासांत होणारें अंतर गाडीनें दोन-तीन दिवसांत करावें. दुसरें शरीर: बसल्या जागीं झोंपावें, शिळें खावें, पाठीवर ओझें घ्यावें. आणि तिसरें ऋण: कोणाच्या तरी दारांत उभें राहून 'आजची रात्र राहूं द्याल कां?' असें विचारावें. पहिलें नाणें विद्यार्थ्यापाशीं सुटींत भरपूर असतें. दुसरें तरुणपणामुळें असतें, आणि त्याची त्याला प्रौढीहि वाटते. तिसरें मात्र जड जातें, म्हणून तें हिशेबांत लिहिलें जात नाहीं. माझें म्हणणें असें कीं, स्वस्त प्रवासानें जर कांहीं ज्ञान होत असेल तर तें मुख्यतः या तिसऱ्या नाण्यामुळें होतें; आणि जो लेखक तें नाणें लपवितो तो आपल्या पुस्तकाचा गाभाच काढून टाकतो.

या विधानास आधार पाहिजे असेल तर तो आपल्याच वाङ्मयांत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरून निघाले ते देश पाहण्यासाठीं नव्हे. घरचें दारिद्र्य फिटावें, उत्तरेंत यज्ञप्रसंगीं दक्षिणा मिळावी, एवढाच त्यांचा हेतु होता. वाटेंत त्यांना बंड भेटलें, आणि झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची गोडी आजहि कमी झालेली नाहीं. तिचें कारण पुष्कळ जण त्या ऐतिहासिक घटनांत शोधतात. परंतु त्याच घटना पाहिलेले दुसरे हजारों लोक होते. भटजींना प्रत्येक गांवीं कोणाच्या तरी ओसरीवर उतरावयाचें होतें, कोणाला तरी आशीर्वाद द्यावयाचा होता, कोणाच्या तरी पंक्तीस बसावयाचें होतें. त्यामुळें यजमान कोण आहे, त्याच्या घरांत काय चाललें आहे, तो आज उदार कां आहे आणि उद्यां कां नसेल, हें पाहणें त्यांना भागच होतें. गरजू माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचतां यावा लागतो. त्या गरजेनेंच त्यांना डोळे दिले.

धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण आपल्या विषयास अधिकच जवळचें आहे, कारण ते खरोखरीचे विद्यार्थी होते. १८९९ च्या अखेरीस त्यांनीं विद्येच्या शोधांत गोवें सोडलें. काशींत अन्नछत्रांत जेवून संस्कृताचें अध्ययन केलें. बौद्ध धर्माचें ज्ञान मिळावें म्हणून नेपाळ गांठलें. आणि १९०२ सालीं सिंहलद्वीपास जाऊन विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पालि भाषा शिकले. पुढें ब्रह्मदेशहि झाला. हा सारा प्रवास जवळजवळ रिकाम्या खिशानें झाला. १९२४ सालच्या 'निवेदन' ग्रंथांत त्यांनीं तो सांगितला आहे. त्यांत कोणीं भाडें दिलें, कोणीं चिठ्ठी दिली, कोणीं दारांतून परत पाठविलें, याचा उल्लेख आल्याशिवाय पुढचें पाऊल पडत नाहीं. हें आत्मचरित्र म्हणजे एका अर्थीं ऋणांची वही आहे. याच धर्मानंदांना पुढें १९१० सालीं पालि ग्रंथाच्या संपादनासाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें बोलावणें आलें. परंतु वाचकाच्या मनांत घर करून राहतो तो काशीच्या अन्नछत्रांतील रांगेत उभा राहिलेला तरुण.

यावर कोणी म्हणेल कीं, मग ज्याच्या प्रवासाची सोय दुसऱ्यानें केली त्यास देश दिसतच नाहीं कीं काय? तसें मुळींच नाहीं. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास पोंचल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं. नंतर त्या अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशांत राहिल्या. बालशिक्षणाची पद्धति शिकल्या, शहरोशहरीं व्याख्यानें दिलीं, विधवांच्या शाळेसाठीं द्रव्य जमविलें आणि पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारा देश ओलांडला. त्यांचें आदरातिथ्य पुष्कळ झालें. तरीहि १८८९ सालीं त्यांनीं जें पुस्तक लिहिलें त्याचें नांव पाहावें: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिति अगोदर, प्रवासवृत्त मागाहून. घरें कशीं चालतात, शाळा कोण चालवितो, स्त्रियांच्या संस्था कशा उभ्या राहिल्या, मूळ रहिवाशांवर काय अन्याय झाला, हे त्या पुस्तकाचे विषय आहेत. अमेरिकेची स्तुति त्यांत भरपूर आहे, कांहीं ठिकाणीं ती अधिकहि वाटेल. परंतु स्तुति असो वा दोष, तो माणसांविषयीं आहे. रमाबाईहि मागण्यासाठींच गेल्या होत्या, मात्र तें मागणें स्वतःसाठीं नव्हतें. दुसऱ्याच्या दारांत उभें राहण्याची जाणीव त्यांना होती, म्हणून श्रीमंत देशाच्या झगमगाटांतहि त्यांचे डोळे दिपले नाहींत.

गंमत अशी कीं, स्वस्त निवासाची जी व्यवस्था आज जगभर विद्यार्थ्यांस उपयोगी पडते तिचें मूळहि अशाच एका मागण्यांत आहे. रिखार्ट शिरमान नांवाचा जर्मन शिक्षक १९०९ सालीं मुलांस घेऊन पायीं सहलीस गेला असतां वादळांत सांपडला, आणि एका खेड्यांतील शाळेंत त्यांना रात्रीपुरता आसरा मिळाला. त्या रात्रीं सुचलेल्या कल्पनेंतून १९१२ च्या सुमारास आल्टेनाच्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवकनिवासस्थान उघडलें. १९३४ सालीं ती चळवळ अमेरिकेंतहि रुजली. आज तेथील खाट घरबसल्या राखून ठेवतां येते, पैसे अगोदर भरतां येतात, आणि दाराचें कुलूप आंकडे दाबून उघडतां येतें. सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु कोणाला कांहींच विचारावें न लागतां मनुष्य एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाऊं शकतो, ही गोष्ट इतिहासांत नवी आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या हस्तलिखितांत रस्ता विचारल्याचा एकहि प्रसंग नाहीं, कारण रस्ता त्याच्या हातांतील मोबाईल सांगत होता. पूर्वीं स्वस्त प्रवासी लोकांवर अवलंबून असे. आतां तो स्वस्तहि प्रवास करतो आणि एकटाहि राहतो.

परंतु ऋण केवळ यजमानाचेंच असतें असें नाहीं. ज्या वाटेनें आपण स्वस्तांत जातों ती कोणीं बांधली, याचाहि हिशेब आहे. झेफर ज्या मार्गानें सिएरा नेव्हाडा चढते तो साधारणपणें १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेचा मार्ग. त्या डोंगरांत सुरुंग लावणारे, बर्फांत बोगदे खणणारे मजूर बहुतांशीं चिनी होते. रेल्वे पुरी झाल्यावर तेराच वर्षांनीं, १८८२ सालीं, चिनी मजुरांस देशांत येण्यास बंदी करणारा कायदा झाला. रमाबाई तेथें पोंचण्यापूर्वींची ही चार वर्षांची गोष्ट. आशियांतून शिकावयास आलेला तरुण त्याच डोंगरांतून खिडकीशीं बसून जातो आणि त्याला ही गोष्ट आठवत नाहीं, हा त्याच्या वाचनाचा दोष म्हणावा लागेल. बर्फ सुंदर आहे म्हणून अडीच पानें लिहावींत. पण त्यांत या मजुरांसाठीं चार ओळींना जागा व्हावी.

बसची कथा तर याहून बोलकी आहे. १९१४ सालीं मिनेसोटांतील हिबिंग या खाणीच्या गांवीं मजुरांची नेआण करण्यापासून जो धंदा सुरू झाला, त्याचीच पुढें ग्रेहाउंड कंपनी झाली. एके काळीं परदेशी पाहुण्यांसाठीं तिची ९९ डॉलरांत ९९ दिवस प्रवासाची योजना प्रसिद्ध होती. असले पास आतां राहिले नाहींत, आणि २०२१ सालीं ती कंपनीहि एका जर्मन कंपनीकडे गेली. विद्यार्थ्याला ही बस म्हणजे स्वस्त साहस वाटतें. परंतु याच बसमध्यें कोणीं कोठें बसावें यावरून माणसांनीं मार खाल्ला आहे. १९६१ च्या मे महिन्यांत गोरे व काळे तरुण मिळून वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघाले. स्थानकांतील वेगळीं उपाहारगृहें आणि वेगळे बांक मोडून काढावे एवढाच त्यांचा हेतु. १४ मे रोजीं अलाबामांतील ॲनिस्टन गांवाबाहेर जमावानें त्यांची बस जाळली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत आंतरराज्य बसप्रवासांतील वेगळेपणाच्या पाट्या काढण्याचा हुकूम अमलांत आला. त्यापूर्वीं १९३६ पासून तीस वर्षें काळ्या प्रवाशांसाठीं एक 'हरित पुस्तिका' निघत असे; कोणत्या गांवीं आपणांस उतरूं देतील, जेवूं घालतील, याची यादी तींत असे. आमच्या मुलांच्या पुस्तकांतहि राहण्याजेवण्याच्या याद्याच असतात. दोन्हीं याद्याच, परंतु एक पैसे वांचविण्यासाठीं केलेली, दुसरी जीव वांचविण्यासाठीं.

येथवर मीं विद्यार्थ्याच्या चुका दाखविल्या. आतां परीक्षकाचीहि परीक्षा झाली पाहिजे. १९९४ च्या उन्हाळ्यांत मीहि त्या देशांत विद्यार्थी होतों, आणि महिन्याभराचा बसचा पास घेऊन निघालों होतों. परत आल्यावर आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांत एक दीर्घ लेख लिहिला. त्याची त्या वेळीं वाखाणणीहि झाली. हें हस्तलिखित वाचल्यावर मीं तो लेख कपाटांतून काढून पुन्हा वाचला. ग्रँड कॅन्यनवर तीन पानें आहेत. त्यांत सूर्यास्ताचे रंग मोजून सांगितले आहेत. आणि त्यापूर्वीं एक अर्धें वाक्य आहे: 'टेक्ससमधून जातांना शेजारीं एक भीतिदायक चेहऱ्याचा इसम येऊन बसला, परंतु सुदैवानें कांहीं घडलें नाहीं.'

काय घडलें तें आतां सांगतों. तो मनुष्य त्याच दिवशीं तुरुंगांतून सुटला होता. सुटतांना मिळालेलें बसचें तिकीट, एका जाळीच्या पिशवींत कपडे, आणि अल्बकर्कीस राहणाऱ्या बहिणीचा पत्ता लिहिलेला कागद, एवढेंच त्याच्यापाशीं होतें. अमरिलोच्या स्थानकावर मध्यरात्रीं बस बदलावयाची होती. त्याला छापील वेळापत्रक नीट वाचतां येत नव्हतें. मीं तें वाचून दाखविलें. मला झोंप आवरेना, तेव्हां 'तूं झोंप, मी पिशवीकडे पाहतों' असें तो म्हणाला. मी दोन तास झोंपलों आणि त्यानेंच हलवून मला बसमध्यें चढविलें. नाहीं तर ती बस माझ्याच निष्काळजीपणानें चुकली असती. वाटेंत त्यानें विचारलें, "तूं कोठें चाललास?" मीं म्हटलें, "ठरलेलें नाहीं. माझ्यापाशीं पास आहे, वाटेल तेथें उतरतां येतें." त्यानें तो पास मागून घेतला, दिव्याखालीं धरून उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "माझ्या तिकिटावर एकच गांव आहे," इतकेंच तो म्हणाला.

त्या रात्रीं आम्ही दोघेहि स्वस्त तिकिटावर, एकाच बांकावर बसलों होतों. मला वाटेल तेथें उतरतां येत होतें. त्याला येत नव्हतें. माझें दारिद्र्य दोन वर्षांचें होतें आणि त्याच्या शेवटीं पदवी होती. त्याचें कशाच्या शेवटीं काय होतें कोण जाणे. विद्यार्थ्याची काटकसर आणि गरिबाची गरिबी या दोन गोष्टी एकाच बांकावर बसल्या म्हणून एक होत नाहींत. आणि हा भेद ज्याला दिसला त्यालाच तो देश थोडा दिसला असें म्हणावें. मला तो भेद दिसला होता. मीं तो लिहिला नाहीं, कारण लेखांत तो शोभेल असें मला वाटलें नाहीं. ज्यानें माझी पिशवी सांभाळली त्याला मीं माझ्या लेखांत चोराच्या जागीं बसविलें. या गोष्टीस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तो मनुष्य कोठें आहे, आहे कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. तो लेख वाचून माझें कौतुक करणारे मात्र अजून भेटतात.

यावर एक रास्त आक्षेप येईल. चोवीस वर्षांच्या मुलाकडून समाजशास्त्राची अपेक्षा कां करावी? कर्जाच्या ओझ्याखालीं शिकणाऱ्यानें चार दिवस मोकळा श्वास घेतला, डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, तर त्यावर इतका मोठा हिशेब कां लादावा? आक्षेप मला मान्य आहे. आनंदासाठीं केलेला प्रवास हा कांहीं गुन्हा नव्हे, आणि सौंदर्य पाहून गप्प बसणारा मनुष्य रूक्ष नव्हे तर शहाणा असतो. शिवाय देश समजण्यासाठीं तो ओलांडलाच पाहिजे असेंहि नाहीं. १९१३ सालीं बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कला गेलेले डॉ. आंबेडकर यांनीं अमेरिका पाहिली ती मुख्यतः कोलंबिया विद्यापीठाच्या वर्गांतून आणि ग्रंथालयांतून. तरीहि १९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें अर्ज केला तेव्हां त्याविषयीं डु बॉइस यांस पत्र लिहून विचारणा करणारे तेच होते. पाहणें हें मैलांवर अवलंबून नसतें.

म्हणून प्रवास करणारावर माझें कांहींच मागणें नाहीं. मागणें आहे तें लिहिणारावर. ज्यानें लेखणी उचलली त्यानें हिशेब पुरा लिहावा. 'थोडक्या पैशांत देश पाहिला' असें म्हणतांच उरलेले पैसे कोणीं भरले, हें सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. वाचकाला गाडीच्या वेळा आणि पासचे दर कोठेंहि मिळतील, आणि ते दर वर्षीं बदलतील. माझ्या वेळचा पास आज नाहीं, आजचा उद्यां नसेल. न्यू जर्सींतील त्या घराची सकाळ मात्र दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं, कारण ती पाहिलेला लेखक एकच.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्याला कळविलें, आणि माझ्या जुन्या लेखाची प्रतहि सोबत पाठविली, म्हणजे उपदेश करणाराची लायकी त्याला कळावी. पंधरा दिवस उत्तर आलें नाहीं; तो रागावला असावा असें मला वाटलें. मग पत्र आलें. त्यांत लिहिलें होतें: "सर, काल न्यू जर्सीच्या काकूंना फोन केला. वर्षभरांत पहिल्यांदांच. पुस्तकांत तुमच्याविषयीं लिहूं कां असें विचारलें, तर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, लिही. पण आम्ही येथें आलों तीं पहिलीं दोन वर्षें कशीं काढलीं तेंहि लिही, तें कोणीं विचारलेंच नाहीं."

प्रस्तावना लिहावयास मी आतां बसलों आहें.